क्लासिकल चूक होतं तर शिकायचं कशाला? आणि इतर प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमधले पाच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून आलेत पण फिरून फिरून एकाच जागी येतात, जुनं म्हणजे न्यूटनपासूनचं 'क्लासिकल' मेकॅनिक्स आणि अणूच्या आतलं क्वांटम मेकॅनिक्स यांचं नातं काय. म्हणून एकत्रच घेतेय. एक उत्तर फार लांबलंय, चालवून घ्या.

मॅडम, मी टी.वाय.ला आहे, फिजिक्स घेतलंय. क्लासिकल मेकॅनिक्सच्या पेपरला लॅग्रांजियन, हॅमिल्टोनियन, पॉइसन ब्रॅकेट असं सगळं आहे. न्यूटनच्या नियमांनी गणित सुटतं तर हे कशाला असं विचारलं तर उत्तर मिळालं, परीक्षेला येतं. आणि क्वांटमच्या पहिल्याच लेक्चरला सांगितलं की क्लासिकल चूक ठरलं. मग चूक गोष्ट तीन तीन पद्धतींनी का शिकायची? – एक विद्यार्थी, बार्शी

परीक्षेला येतं हे खरंच आहे म्हणा, त्यावर वाद नाही. पण "क्लासिकल चूक ठरलं" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. ग्रहणाची वेळ आजही त्यावरच काढतात, सॅटेलाइट त्यावरच सोडतात. अणूच्या आत गेलं की ते चालत नाही, एवढंच.

आता तुझा खरा प्रश्न. न्यूटनच्या मांडणीत मुख्य पात्र कोण, तर बल. क्वांटमचं पुस्तक उघड आणि बल शोध, जवळजवळ सापडतच नाही. तिथे सापडते ऊर्जा, मोमेंटम (वस्तुमान गुणिले वेग), हॅमिल्टोनियन (एकूण ऊर्जा, जागा आणि मोमेंटमच्या भाषेत लिहिलेली). म्हणजे क्वांटमवाल्यांनी न्यूटनचं जे घर वापरलं ते मूळचं नाही, तर नंतरच्या लोकांनी आतून सगळं बदलून घेतलेलं. लॅग्रांजचा ग्रंथ १७८८चा, पॉइसनने ब्रॅकेट (दोन राशींपासून तिसरी काढायची एक कृती) मांडले १८०९ला, हॅमिल्टनचे मोठे पेपर १८३४-३५चे. यातल्या कुणी नवा नियम शोधला नव्हता, उत्तरं तीच यायची, फक्त सांगायची पद्धत वेगळी. त्या काळातल्या एखाद्याने तुझाच प्रश्न विचारला असता की हे कशाला, तर त्याला चांगलं उत्तर देणं अवघड गेलं असतं.

उत्तर मिळालं १९२५ला. हायझेनबर्गने त्या उन्हाळ्यात एक विचित्र पेपर लिहिला, त्यात अशा राशी होत्या की अ गुणिले ब आणि ब गुणिले अ सारखे येत नाहीत. त्याला स्वतःलाच ते खटकत होतं. पेपरची प्रुफं केंब्रिजचा संशोधक विद्यार्थी डिरॅक याच्या हातात पडली, वय तेव्हा २३. तो रविवारी एकटाच लांब फिरायला जायचा, आणि अशाच एका रविवारी चालता चालता त्याच्या डोक्यात आलं की ही अब वजा बअ भानगड आपण आधी कुठेतरी पाहिलीय, पॉइसन ब्रॅकेट असंच काहीतरी असतं, पण नक्की सूत्र काही आठवेना. घरी येऊन वह्या पुस्तकं चाळली, नाही. लायब्ररी रविवारची बंद. रात्रभर तळमळला, सोमवारी सकाळी लायब्ररी उघडल्या उघडल्या जाऊन बघितलं आणि जुळलं!

काय जुळलं ते तुझ्याच सिलॅबसमधल्या भाषेत सांगते. एक्स (जागा) आणि पी (मोमेंटम) यांचा पॉइसन ब्रॅकेट १ येतो, हे तू पाठ केलं असशील. क्वांटममध्ये एक्सपी वजा पीएक्स बरोबर आय एच-बार (आय म्हणजे वजा एकचं वर्गमूळ, एच-बार म्हणजे प्लँकचा स्थिरांक एच भागिले दोन पाय). कुठलीही राशी वेळेबरोबर किती बदलते ते काढायचं तर तिचा हॅमिल्टोनियनबरोबर पॉइसन ब्रॅकेट घ्यायचा, हे तुझ्या पेपरातलं सूत्र. क्वांटममध्ये ब्रॅकेट काढून तिथे कॉम्युटेटर, म्हणजे तीच अब वजा बअ, ठेव आणि आय एच-बारने भाग, झालं हायझेनबर्गचं समीकरण. बाकी सांगाडा तोच. न्यूटनच्या बलापाशीच बसून राहिला असता तर डिरॅकला हे दिसलंच नसतं.

दुसरा रस्ता श्रोडिंगरचा, आणि तोसुद्धा हॅमिल्टनच्याच अंगणातून जातो. हॅमिल्टन मूळचा डब्लिनचा खगोलवाला, आधी त्याने प्रकाशावर काम केलं होतं. लेन्समधून जाणारा किरण आणि बलाखाली पळणारा कण, दोघांचं गणित त्याने एकाच साच्यात बसवलं. आता किरण ही काही शेवटची गोष्ट नाही, खाली लाटा असतात, तरंगलांबी बारीक असली की लाटा किरणासारख्या सरळ जाताना दिसतात एवढंच. मग कणाच्या वाटेखालीही लाट असेल का? हॅमिल्टनने तो प्रश्न धरून ठेवायचं कारण नव्हतं, कारण त्या लाटेची लांबी किती घ्यायची हे सांगणारा आकडा, एच, प्लँकने १९०० साली आणला. १९२४ला दे ब्रॉयने थिसिसमध्ये मांडलं की कणाची तरंगलांबी म्हणजे एच भागिले मोमेंटम, आणि १९२६ला श्रोडिंगरने हॅमिल्टनची ती तुलना नावानिशी घेऊन लाटेचं समीकरण उभं केलं.

एक सावधगिरी. ब्रॅकेटच्या जागी कॉम्युटेटर ठेवला की सगळं आपोआप होतं असं समजू नकोस. क्लासिकलमध्ये एक्सवर्ग पीवर्ग कुठल्याही क्रमाने लिही, फरक नाही. क्वांटममध्ये क्रम बदलला की राशी बदलते, मग कुठला क्रम घ्यायचा? प्रत्येक राशीला लागू पडेल आणि सगळे ब्रॅकेट जसेच्या तसे राखेल असा नियम करताच येत नाही, हे ग्रोनेवोल्डने १९४६ला दाखवलं. म्हणजे क्लासिकल हा क्वांटमकडे नेणारा चांगला वाटाड्या आहे, पण शेवटच्या वळणाला तो गप्प बसतो आणि प्रयोगालाच विचारावं लागतं.

नातीला शिकवताना 'लीस्ट ॲक्शन'पाशी अडकलो. चेंडू सर्वात कमी ॲक्शनची वाट निवडतो म्हणे. पण निघायच्या आधीच त्याला सगळ्या वाटा कशा कळतात? हे अध्यात्म वाटतं, फिजिक्स नाही. – निवृत्त इंजिनिअर, ठाणे

काका, तुम्ही एकटे नाही. मोपर्त्युईने १७४४ला हे तत्त्व मांडलं तेव्हा त्याला त्यात चक्क देवाची हुशारी दिसली होती.

आधी ॲक्शन म्हणजे काय ते नातीसाठी. प्रत्येक क्षणाला कायनेटिक (गतीच्या) एनर्जीतून पोटेन्शियल (जागेमुळे असलेली) वजा करायची, या वजाबाकीलाच लॅग्रांजियन म्हणतात, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेळेवर बेरीज घ्यायची. एकक येतं ज्यूल-सेकंद. आणि प्लँकच्या एचचं एकक? तेच, ज्यूल-सेकंद. हा योगायोग नाही, माझ्या मते दोन्ही विषयांना जोडणारा सर्वात पक्का टाका हाच. (कमीत कमी हा शब्दही थोडा ढिला आहे. वाट किंचित हलवली तर ॲक्शन जवळजवळ हलत नाही, एवढीच खरी अट, कधीकधी ती कमीत कमी नसतेही.)

आता चेंडूला कसं कळतं. त्याला कळतच नाही, तो निवडतही नाही. १९३३ला डिरॅकने एका सोव्हिएत जर्नलमध्ये छोटा पेपर लिहिला, क्वांटममध्ये लॅग्रांजियनचं काय करायचं यावर, आणि तो बरीच वर्षं तसाच पडून राहिला. १९४१ला प्रिन्स्टनच्या एका बिअरच्या अड्ड्यावर फाइनमनला कुणीतरी त्याबद्दल सांगितलं, त्याने दुसऱ्या दिवशी पेपर काढून फळ्यावर गणित मांडलं तर त्यातून श्रोडिंगरचं समीकरण बाहेर पडलं. तेच पुढे १९४२च्या थिसिसमध्ये आणि १९४८च्या पेपरमध्ये आलं. म्हणणं असं की इथून तिथे जायच्या सगळ्या वाटा धरायच्या, अगदी येड्यावाकड्यासुद्धा, प्रत्येकीला एक बाण द्यायचा, आणि बाण किती फिरवायचा ते त्या वाटेच्या ॲक्शनला एच-बारने भागून ठरवायचं. मग सगळे बाण जोडायचे.

मिरवणुकीतलं लेझीम पथक आठवा. शंभर जणांचे हात एका ठेक्यात पडले तर गल्ली दणाणते, प्रत्येकाने आपापल्या मनाने वाजवलं तर नुसता खुळखुळाट. ज्या वाटेच्या आसपास ॲक्शन हलत नाही तिथल्या शेजारच्या सगळ्या वाटांचे बाण एकाच दिशेला येतात, बेरीज मोठी होते. बाकी ठिकाणी बाण वाटेल तसे फिरलेले, एकमेकांना मारून टाकतात. उरते ती क्लासिकल वाट. चेंडूने काही ठरवलेलं नाही, बाकीच्या वाटा आपसात कटल्या.

आकडे घातले की हे जास्त पटतं. १६० ग्रॅमचा क्रिकेट बॉल सेकंदाला ४० मीटरने अर्धा सेकंद गेला तर, हवा बिवा सोडून देऊ, त्याची ॲक्शन साधारण ६४ ज्यूल-सेकंद. एच म्हणजे दशांश चिन्हापुढे ३३ शून्यं आणि मग ६६. भागाकार केला तर १ वर ३५ शून्यं, जवळपास. म्हणजे वाट इतकी बारीक हलवा की ॲक्शन एक लाख कोटींत एकाने बदलेल, तरी बाण १ वर २३ शून्यं इतके फेरे खातो. कटणार नाही तर काय होणार! आणि अणूतल्या इलेक्ट्रॉनची ॲक्शन मोजून दोन-चार एच इतकीच, तिथे कटायला पुरेसे फेरेच होत नाहीत, त्यामुळे एक वाट अशी उरतच नाही.

मुलगी अकरावीला आहे. पुस्तकात इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरताना काढलाय, क्लासच्या सरांनी ते खोटं आहे सांगितलं. काय खरं? – एक आई, नागपूर

खालच्या कक्षांसाठी सरांचं बरोबर आहे. पण चित्र पूर्ण टाकून देऊ नका, कारण बोरने १९१३ला हायड्रोजनचं गणित केलं तेव्हा क्लासिकलचा धागा मुद्दाम हातात ठेवला होता, पुढे त्यालाच करस्पॉन्डन्स प्रिन्सिपल म्हणायला लागले, म्हणजे मोठ्या नंबरच्या कक्षांत क्वांटमचं उत्तर क्लासिकलशी जुळलं पाहिजे. क्वांटममध्ये प्रकाशाची फ्रिक्वेन्सी दोन पातळ्यांमधल्या ऊर्जेच्या फरकावरून येते. क्लासिकलमध्ये इलेक्ट्रॉन सेकंदाला जितके फेरे मारेल तीच फ्रिक्वेन्सी. २ नंबरच्या कक्षेवरून १ वर उडी घेतली तर या दोन हिशोबांचा काही मेळ नाही. पण ११० वरून १०९ वर? फेऱ्यांचा हिशोब ११०साठी ४.९४ गिगाहर्ट्झ देतो, १०९साठी ५.०८. प्रत्यक्ष सिग्नल येतो ५.०१वर, बरोबर दोघांच्या मधे. असे सिग्नल अंतराळातल्या तापलेल्या वायूच्या ढगांमधून रेडिओ दुर्बिणी खरोखर पकडतात, आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटीनेही अशाच मोठ्या नंबरांच्या रेषा पकडल्यात. ११० नंबरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजनचा अणू नेहमीपेक्षा बारा हजार पट मोठा असतो. मुलीला हे गणित कॅल्क्युलेटरवर करायला लावा, दहा मिनिटांचं आहे.

म्हणजे एच शून्य धरला की क्वांटमचं क्लासिकल होतं, असंच ना? यूट्यूबवर सगळे हेच सांगतात. – एक वाचक, कोल्हापूर

अर्धंच. एच शून्य होत नाही, तो ठरलेला आकडा आहे, २०१९पासून तर किलोग्रॅमची व्याख्याच त्यावर उभी आहे. एच 'लहान' म्हणजे कशापेक्षा लहान, तर त्या घटनेतल्या ॲक्शनपेक्षा, वर बॉलचा हिशोब केला तसा. एहरेनफेस्टने १९२७ला दाखवलं की क्वांटममधल्या सरासरी जागा आणि सरासरी मोमेंटम जवळजवळ न्यूटनसारखेच वागतात. जवळजवळ एवढ्यासाठी की तिथे बलाची सरासरी येते, सरासरी जागेवरचं बल नाही, आणि लाट पसरली की या दोन गोष्टी वेगळ्या पडतात.

पण एवढ्याने मोठ्या वस्तू एकाच वेळी दोन जागी का दिसत नाहीत याचं उत्तर मिळत नाही, आणि यूट्यूबवाले इथेच कलटी मारतात. १९९९ला व्हिएन्नात कार्बन-६०चे रेणू, म्हणजे साठ अणूंचा फुटबॉल, जाळीतून सोडले तर लाटांसारखे पट्टे उमटले. २०१९पर्यंत हाच खेळ २५ हजार अणुभारांपेक्षा (साधारण तेवढ्या हायड्रोजन अणूंपेक्षा) जड रेणूंवर जमला. म्हणजे आकार मोठा झाला म्हणून लाटपणा संपतो असं नाही. मग संपतो कशाने? व्हिएन्नाच्याच ग्रुपने २००४ला कार्बन-७०चे रेणू लेझरने तापवून सोडले. तापलेला रेणू उडता उडता प्रकाश फेकतो, त्या प्रकाशात रेणू कुठून गेला याची खूण राहते, आणि जसजसं तापवत गेले तसतसे पट्टे पुसट होत गेले. बघायला तिथे कुणी माणूस बसला नव्हता, खूण बाहेर सुटली एवढंच पुरलं. याला डिकोहेरन्स म्हणतात, त्सेहने १९७०ला मांडलं. बॉलवर तर दर क्षणाला हवेचे रेणू आणि प्रकाश आपटतच असतात, त्याचा लाटपणा सुरू व्हायच्या आधीच गावभर झालेला असतो. यात मापनाचा सगळा घोळ सुटतो का? माझ्या मते नाही, अनेक शक्यतांतून नेमकी एकच का दिसते हा प्रश्न उरतोच, त्यावर जाणती माणसं अजून भांडतायत.

करस्पॉन्डन्स प्रिन्सिपलवर ५ मार्कांचा प्रश्न आला तर 'एन मोठा घेतला की क्लासिकल' एवढं चालेल का? – एक विद्यार्थिनी, मडगाव

एखाद-दुसरा मार्क मिळेल. वरचे ११० आणि १०९चे आकडे लिही, तपासणाऱ्याला बरं वाटतं. आणि एक ओळ आठवणीने टाक की नुसता एन, म्हणजे पातळीचा नंबर, मोठा असून भागत नाही. कुठल्याही एकाच ठरलेल्या ऊर्जेच्या अवस्थेत, एन हजार असला तरी, वेळेबरोबर काहीच हलत नाही, सगळं जागच्या जागी. हालचाल दिसायला शेजारशेजारच्या बऱ्याच अवस्था एकत्र मिसळाव्या लागतात, मग लाटेचा एक पुंजका तयार होतो आणि तो फिरतो. श्रोडिंगरने १९२६ला स्प्रिंगच्या म्हणजे हार्मोनिक ऑसिलेटरच्या बाबतीत असा पुंजका करून दाखवला होता, तो न पसरता लंबकासारखा इकडून तिकडे जातो. हायड्रोजनमध्ये मात्र तो काही फेऱ्यांनंतर पसरतो. ऑसिलेटरची आकृती काढ, सोपी आहे, आणि जागा उरली तर हायड्रोजनचं वाक्य लिही.