'रेडिओपॅक' म्हणजे एक्स-रेत दिसणारं की न दिसणारं?

प्रश्न असा: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करताना रूट कॅनालमध्ये (दाताच्या मुळातल्या नलिकेत) फटी बुजवायला भरायच्या सीलरला 'क्ष-किरणांना अपारदर्शक' म्हटलं, तर वाचणाऱ्यांना वाटलं की ते एक्स-रेत दिसतच नाही. मग 'रेडिओपॅक'ला मराठीत काय म्हणायचं?

वाचणाऱ्यांचं काही चुकलेलं नाही. 'अपारदर्शक' ऐकलं की मराठी माणसाच्या मनात आधी न दिसणं येतं. अपारदर्शक कारभार म्हणजे ज्यातलं काही कळत नाही तो. डेंटिस्टला मात्र तो पदार्थ दिसायलाच हवा असतो. किरण त्यात अडतात, मागच्या फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंत फारसे पोचत नाहीत, म्हणून तेवढा भाग पांढरा उमटतो. किरण जिथे सहज पोचतात तिथे काळं. मुळाच्या टोकाशी संसर्गाने हाड झिजलं की डॉक्टर "इथे काळं दिसतंय" म्हणतात, ते यामुळेच.

मग सरळ 'एक्स-रेत दिसणारं' म्हणावं का? रुग्णाला सांगताना जरूर म्हणावं. पण पारिभाषिक शब्द म्हणून ते पुरत नाही, कारण किरण अडवणं आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन भेटींच्या मधल्या काळात नलिकेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरतात. ते किरण अडवतं, पण साधारण भोवतालच्या डेंटीनइतकेच (डेंटीन म्हणजे दाताचा एनॅमलखालचा कठीण भाग). त्यामुळे नीट भरलं की एक्स-रेत नलिकाच गडप होते! औषध आहे, किरण अडवतंय, तरी वेगळं दिसत नाही. म्हणून काही कंपन्या त्यात बेरियम सल्फेट मिसळतात.

म्हणजे हा गुण आहे किंवा नाही असा नसून कमी-जास्त असतो, आणि तो मोजतातही. आयएसओ ६८७६ या मानकात सीलरची १ मिमी जाडीची चकती आणि पायऱ्यापायऱ्यांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी शेजारी ठेवून एकाच वेळी एक्स-रे काढतात. चकती कोणत्या पायरीइतकी पांढरी आली ते बघायचं. सीलर किमान ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या तोडीचं असावं लागतं. १ मिमी जाडीचं डेंटीन साधारण १ मिमीच्या तोडीचं, एनॅमल २ मिमीच्या आसपास. या मापाला 'अ‍ॅल्युमिनियम-तुल्य जाडी' हा शब्द छान बसतो.

म्हणून मला 'क्ष-किरणरोधी' आणि गुणधर्मासाठी 'क्ष-किरणरोधकता' हे शब्द योग्य वाटतात. उलट गुणासाठी 'क्ष-किरणपारगम्य'. 'जलरोधक' म्हणजे पाणी अजिबात न जाऊ देणारं, तसा इथेही पूर्ण अटकावाचा अर्थ कुणी लावेल, ही शंका रास्त आहे. पण भौतिकशास्त्रात 'विद्युतरोध' आपण ओहममध्ये मोजतोच. रोध कमी-जास्त असू शकतो, हे मराठीत आधीच रुळलंय.

'रेडिओपॅसिफायर'लाही, म्हणजे किरण अडावेत म्हणून मिसळलेल्या पदार्थालाही, याच घरातला शब्द हवा, कारण बहुतेक सीलरमध्ये हा गुण मुद्दाम घातलेला असतो. 'रोधक भर' म्हणता येईल. मूलद्रव्याचा अणुक्रमांक जितका मोठा तितके किरण जास्त अडतात, आणि ही वाढ फार झपाट्याची असते. कॅल्शियमचा २०, झिंकचा ३०, झिर्कोनियमचा ४०, बेरियमचा ५६, टंगस्टनचा ७४, बिस्मथचा ८३. नलिका भरायला वापरतात त्या रबरासारख्या गटापर्चाचा मूळ चीक निव्वळ कार्बन-हायड्रोजनचा, त्याने फारसं काही अडत नाही; नलिकेत घालायच्या त्या गुलाबी काडीत निम्म्याहून जास्त झिंक ऑक्साइड असतं. एमटीए या दातांच्या उपचारातल्या सिमेंटात बिस्मथ ऑक्साइड घालत. एक्स-रेत ते उठून दिसे, पण त्याने दात काळपट पडतात असं आढळलं, म्हणून नंतरच्या बऱ्याच सिमेंटांत झिर्कोनियम किंवा टँटलमचं ऑक्साइड आलं.

माहितीपत्रकात मात्र 'क्ष-किरण' नकोच. दवाखान्यात सगळे "एक्स-रे काढला" म्हणतात, "क्ष-किरण काढला" कुणी म्हणत नाही. वाक्य असं करा: "हे सीलर एक्स-रेत दातापेक्षा पांढरं दिसतं, त्यामुळे ते मुळाच्या टोकापर्यंत नीट पोचलं आहे का आणि मध्ये कुठे पोकळी राहिली आहे का, हे डॉक्टरांना तपासता येतं."