ऑनलाइन दुकानासाठी सर्च अ‍ॅनालिटिक्सचं अ‍ॅप घ्यावं का?

प्रश्न असा आहे : माझं साड्यांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. गिऱ्हाईक दुकानात काय शोधतंय हे दाखवणारं अ‍ॅप महिन्याचे पैसे भरून घ्यावं का, आणि कोणतं? भागीदार म्हणतो, विक्रीचा रिपोर्ट आहे तेवढा पुरे.

तुमच्या भागीदाराचं हे वाक्य मी माझ्या घरात कितीतरी वर्षं ऐकतोय. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर अ‍ॅपची नावं सांगणारे पुष्कळ जण आहेत.

विक्रीचा रिपोर्ट पुरत नाही. जे विकलं गेलं तेवढंच त्यात दिसतं. जो आला, शोधलं, सापडलं नाही म्हणून निघून गेला, त्याची नोंद त्यात कुठंच नसते. आमच्या घरात यावरून जे झालं ते आधी सांगतो.

आमचं निपाणीत चपलांचं दुकान आहे. वडिलांनी उभं केलं, आता मोठा भाऊ आणि मी बघतो. पुण्या-मुंबईत कोल्हापुरी म्हणून जी चप्पल विकली जाते त्यातली बरीचशी आमच्याच बाजूला, अथणी-निपाणीच्या आसपासच्या गावांत तयार होते. जीआय मानांकनसुद्धा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून आहे. लॉकडाऊनमध्ये दुकानाचं शटर खाली होतं तेव्हा २०२० साली मी शॉपिफायवर ऑनलाइन दुकान उघडलं. चपलांच्या प्रकारांची नावं आम्ही बोलतो तशीच ठेवली होती : कापशी, कुरुंदवाडी, पुकारी, बक्कलनाली. कापशी हे कागल तालुक्यातलं गाव, आमच्यापासून जवळच. ज्याला कापशी पाहिजे तो कापशीच मागतो, दुसरं काही दाखवलं तर पायात घालून बघतसुद्धा नाही.

दीडेक वर्षानं दादानं एका एजन्सीला काम दिलं. त्यांचं म्हणणं, ही गावंढळ नावं बाहेरच्या लोकांना कळत नाहीत. सगळी शीर्षकं इंग्रजीत झाली. 'मेन्स एथनिक लेदर फ्लॅट', 'हॅन्डक्राफ्टेड स्लिप-ऑन', असलंच सगळं. कापशी हा शब्द उरला तो फक्त फोटोच्या कोपऱ्यात, चित्रात. आणि दुकानाची सर्चखिडकी चित्रातलं वाचत नाही. ती शीर्षक, वर्णन, टॅग असा मजकूर वाचते. हे त्या वेळी मलाही सुचलं नाही, ती माझी चूक आहे.

दिवाळीनंतर दादानं विक्रीचा रिपोर्ट काढला. कापशी सगळ्यात खाली. तो म्हणाला, "कापशीला ऑनलाइन गिऱ्हाईक नाही. काऊंटरपुरती घेऊ, बाकी बंद." आकडे समोर होते, मी काय बोलणार.

ही कापशी आम्हाला अथणीकडचं एक घर करून द्यायचं. नवरा तळ कापायचा, मुलगा चामड्याच्या वादीनं शिवायचा आणि अक्का वेण्या घालायची. या चपलेत खिळा नसतो. चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं, आणि वेणी बायकाच घालतात. ते काम नजरेचं आहे. ऑर्डर बंद झाली हे सांगायला चिकोडीवरून मीच गेलो. अक्कानं हातातलं काम खाली न ठेवता विचारलं, "आर्डर इल्लेन्री?" म्हणजे ऑर्डर नाही का? मी म्हटलं, सध्या नाही, पुढं बघू. चहा दिला तिनं. तो चहा मला अजून आठवतो.

तीन महिन्यांनी एका रात्री मी कुठला तरी दुसराच रिपोर्ट शोधत होतो, तर शॉपिफायच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये एक यादी दिसली. दुकानात शोधलेले पण एकही निकाल न मिळालेले शब्द. उघडली. पहिल्या ओळीत रोमन अक्षरांत के-ए-पी-एस-एच-आय. दुसऱ्या ओळीत तेच, मध्ये एक 'ए' जास्त. चौथीला 'एच' नसलेलं. त्याखाली देवनागरीत 'कापशी'. सगळी स्पेलिंगं मिळून तीन महिन्यांत ६१ वेळा. त्याच तीन महिन्यांत आमच्या सगळ्या ऑनलाइन ऑर्डरी मिळून दोनशेच्या आत होत्या, म्हणजे हा आकडा केवढा ते बघा. माल दुकानात होता, गिऱ्हाईक दुकानात होतं, आणि आमची खिडकी त्याला 'काही सापडलं नाही' असं सांगत होती.

ती यादी मी पहाटेपर्यंत वाचत बसलो. 'पायताण' होतं. 'वहाण' होतं. 'चप्पली' होतं, कन्नड बोलणारे तसंच म्हणतात, काहींनी कन्नड लिपीतही टाकलं होतं. 'करकर वाजणारी' असं कुणीतरी पूर्ण लिहिलं होतं. कुणी बेळगाव लिहिलेलं, कुणी बेळगावी, कुणी निपाणी, कुणी निप्पाणी. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकात बेळगावसारख्या काही गावांची सरकारी नावं बदलली, लोकांच्या तोंडची बदलली नाहीत. दुकानदारानं दोन्ही लिहून ठेवावीत. काऊंटरवर उभं राहून गिऱ्हाईक जे बोलतं तेच शब्द होते सगळे. काऊंटरवर आम्ही ऐकतो, ऑनलाइन ऐकायला कुणी बसलंच नव्हतं.

सकाळी दादाला दाखवलं. तो म्हणाला, "शोधलं म्हणजे घेतलं असतं असं कुठंय?" प्रश्न बरोबर होता, म्हणून मी भांडत बसलो नाही. सगळ्या शीर्षकांत जुनी नावं परत घातली. शॉपिफायचंच सर्च अँड डिस्कव्हरी नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात समानार्थी शब्दांचे गट करता येतात. कापशीची सगळी स्पेलिंगं एका गटात, पायताण-वहाण-चप्पल-चप्पली दुसऱ्या गटात. जाहिरातीवर एक रुपया घातला नाही. दोन आठवड्यांत कापशी गेली. एकानं तर लग्नासाठी सात जोड एकदम मागवले. दादा म्हणाला, लग्नसराई आहे. पुढच्या महिन्यात लग्नसराई नव्हती, तरी गेली. मग तो म्हणाला, एजन्सीनं आधी केलेल्या जाहिरातींचा परिणाम आता दिसतोय. यावर मी त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही, इथं देतो. जाहिरात माणसाला दारापर्यंत आणते. आत येऊन कापशी म्हणणाऱ्याला आपण नाही म्हणून परत पाठवलं, तर त्याला दारापर्यंत आणायचे पैसेही गेले.

आता तुमचं. अ‍ॅपच्या आधी एक गोष्ट नीट वेगळी करा, कारण अ‍ॅपं विकणारे लोक दोन्हीला सर्च अ‍ॅनालिटिक्सच म्हणतात. गुगलवर काय टाकून लोक तुमच्यापर्यंत आले, किंवा तुमचं नाव दिसूनही आले नाहीत, ते गुगल सर्च कन्सोल दाखवतं. ते फुकट आहे, मागचे १६ महिने दिसतात, आजच जोडा, कारण जोडल्यानंतरच नोंद सुरू होते. फार थोड्या लोकांनी टाकलेले शब्द गुगल त्यात लपवतं, तेव्हा बेरीज जुळली नाही तर घाबरू नका. दुसरं म्हणजे दुकानात आल्यावर आतल्या खिडकीत काय टाकलं. मी एवढा वेळ बोलतोय ते हे. पैसे खरे इथं बुडतात, कारण इथला माणूस विकत घ्यायला आलेला असतो.

आतलं बघायला बहुतेकांना पैशाचं अ‍ॅप लागत नाही. शॉपिफाय असेल तर वर सांगितलेली यादी आहेच. वर्डप्रेसवर चालणारं वूकॉमर्स असेल तर गुगल अ‍ॅनालिटिक्स ४ या साइटवरच्या हालचाली नोंदणाऱ्या साधनात एन्हान्स्ड मेझरमेंट ही सेटिंग चालू ठेवा, ते साइट सर्च, म्हणजे आतल्या खिडकीतले शोध, आपोआप नोंदतं, कारण शोधपानाच्या वेबपत्त्यातली 'क्यू' आणि 'एस' ही दोन्ही अक्षरं त्याला ओळखू येतात. पहिलं अक्षर शॉपिफाय वापरतं, दुसरं वर्डप्रेस. फक्त तपशीलवार डेटा ठेवायची मुदत मुळात दोन महिने असते, ती सेटिंगमध्ये जाऊन १४ महिने करा. नाहीतर मागच्या श्रावणाशी या श्रावणाची तुलना करायला जाल आणि तो तपशील हाती नसेल.

मग दर महिन्याला यादी काढा आणि हातानं वाचा. आलेखाच्या नादी लागू नका. निकाल न मिळालेले शब्द पहिल्यांदा. त्यानंतर, निकाल दिसले पण कुणी दाबले नाहीत असे शब्द. तिथं माल चुकीचा दाखवला जातोय किंवा फोटो वाईट आहे. साड्यांत तर आमच्यापेक्षा जास्त घोळ असणार. इरकल म्हणणारे आपण, इलकल म्हणणारे कन्नड लोक, आणि तुमच्या शीर्षकात तिसरंच काही. नऊवारी शोधणाऱ्याला '९ यार्ड' लिहिलेली साडी सापडत नाही. लुगडं, खण, टोपपदर हे शब्द कुठं लिहिलेत का तुम्ही? बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरची साडी असेल तर तेही नाव घाला. 'ट्रॅडिशनल कॉटन सिल्क' असं लिहून ठेवलं असेल तर आजच बदला.

पैशाचं अ‍ॅप केव्हा? शोधांची यादी एका बसणीत वाचून होत नाही एवढी झाली की. तोपर्यंत नको. चाचणीच्या मुदतीत एकच गोष्ट तपासा : मराठी शब्द रोमनमध्ये तीन तऱ्हांनी टाकून बघा, अ‍ॅप त्यांना एकत्र धरतं का. एखाद्या अक्षराची चूक बरीच अ‍ॅपं सांभाळून घेतात. पण लुगडं म्हणजे नऊवारी हे त्याला तुम्हीच सांगायला लागणार. कोणतं अ‍ॅप, याचं उत्तर माझ्याकडं याहून जास्त नाही. मी दोन वापरून बंद केली, आणि तुमच्या मालाला तीच लागू पडतील असं नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमच्याकडं वीस-पंचवीस साड्या असतील तर लोक खिडकी वापरतच नाहीत, खाली सरकवत बघतात, तेव्हा यादी रिकामी दिसली तर निष्कर्ष काढू नका. तुमचे स्वतःचे आणि घरच्यांचे शोध त्यात मिसळतात. आमच्या पहिल्या यादीत पाच-सहा शोध माझ्याच पुतण्याचे निघाले, ते मी ६१ मधून आधीच वजा केलेत. लोक खिडकीत ऑर्डरचा नंबर, कधी स्वतःचा मोबाइल नंबरसुद्धा टाकतात, तेव्हा यादी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागणी दिसली की लगेच माल भरू नका. '११ नंबर' बरेच जण शोधत होते म्हणून आम्ही ११ नंबर करून घेतले, त्यातले निम्मे परत आले. लोक बुटाचा नंबर टाकत होते. दादा नको म्हणत होता, तिथं तो बरोबर होता. मापाचा तक्ता आधी लावायला पाहिजे होता.

एका बाबतीत मात्र मी ऐकलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि गाजावाजा झाला, तेव्हा आमच्या यादीत 'प्राडा' हा शब्द यायला लागला. दादा म्हणाला, टॅगमध्ये टाक. मी टाकला नाही. दुसऱ्याच्या नावावर आपला माल दाखवणं कायद्यातही बसत नाही, आणि ज्या चपलेवरून एवढं बोललं गेलं ती आपल्या गावांत बनते. तिला उसन्या नावाची गरज काय? त्याऐवजी चप्पल कुठं, कोण, कशी करतं याचं एक पान मी लिहिलं. त्यात अक्काच्या हातांचा फोटो आहे, चेहऱ्याचा तिनं नको म्हटलं.

तुमच्या भागीदाराला भांडून पटवू नका. विक्रीचा रिपोर्ट आणि न सापडलेल्या शब्दांची यादी शेजारी शेजारी छापा आणि त्याला विचारा, 'यातल्या कुणाला आपण गिऱ्हाईक नाही म्हणून सोडलं?' माझ्या दादाला मी तेव्हा असं विचारलं नाही, नुसता आवाज चढवला.

कापशीची ऑर्डर आम्ही परत चालू केली. मी स्वतःच गेलो सांगायला. तोपर्यंत अक्काचा मुलगा इचलकरंजीला मागावर कामाला लागला होता. शिवणारा हात गेल्यामुळं ते घर आता पूर्वीच्या निम्मेच जोड देतं, तेवढेच आम्ही विकतो, आणि बाकीच्यांना थांबायला सांगतो. मुलाला मी दोनदा निरोप पाठवला. तो म्हणतो, यंदाचं वर्ष जाऊ दे, मग बघतो.