नाईलचे सोळा हात

प्रश्न : रोमन साम्राज्यात इजिप्त फार श्रीमंत प्रांत होता म्हणतात. हा पैसा शेतीचा की व्यापाराचा? आपल्या पैठण-तेरचा माल तिथे जात होता, हे खरे का?

उत्तर : पाया शेतीचा, व्यापाराची त्यात भर. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात आले, तेव्हापासून ते सम्राटाने थेट आपल्या हाताखाली ठेवले. सिनेटच्या सदस्याला परवानगीशिवाय तिथे जाता येत नसे, कारण रोमचे धान्य ज्याच्या हाती, त्याच्या हाती रोम.

सारे पीक नाईलच्या पुरावर. काठावरच्या पायऱ्यांवर खुणा कोरलेल्या असत, त्यांवरून पाणी मोजत. रोमन लेखक प्लिनीने त्याचा हिशेब दिला आहे : १२ हात म्हणजे उपासमार, १३ टंचाई, १४ समाधान, १५ निर्धास्ती, १६ आनंदीआनंद. (तिथला हात सुमारे ५२ सेंटिमीटरचा.) कमी पाण्यात शेत कोरडे राही, फार चढले तर ओसरायला वेळ लागून पेरणी मागे पडे. बांध दुरुस्तीसाठी गावकऱ्यांना वर्षाला पाच दिवस राबावे लागे आणि त्याची पावती पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या) तुकड्यावर मिळे. अशा पावत्या आजही उपलब्ध आहेत.

खासगी जमिनीवर सारा साधारण एका अरूराला एक आर्टबा गहू. अरूरा म्हणजे आपले २७ गुंठे, आर्टबा अंदाजे ३० किलो. सरकारी जमिनीचा खंड याहून बराच जड. गाढवांवरून गहू नदीकाठी, तिथून होडीने अलेक्झांड्रियाला. वाटेत माती किंवा सातू मिसळू नये म्हणून त्याच गव्हाचा नमुना लहान भांड्यात मोहोरबंद करून सोबत पाठवत. पुढचा समुद्रप्रवास वाऱ्याविरुद्ध, म्हणून रोमला जाताना महिना-दोन महिने सहज लागत. परतीला मात्र वारा साथ देई.

व्यापाराचे म्हणाल, तर पूर्वेकडून आलेल्या मालावर २५ टक्के जकात होती. इथे पैठण-तेर येतात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेनुसार पैठणहून गोमेदासारखे रंगीत खडे आणि तेरहून साधे व तलम कापड गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोच बंदराला जाई. पैठण भडोचपासून २० दिवसांवर आणि तेर पैठणहून पूर्वेला १० दिवसांवर, असे तीत लिहिले आहे. भडोचहून जहाजे तांबड्या समुद्रातल्या बेरेनिकेला लागत. तिथून उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कॉप्टोसला जायला १२ दिवस, मग पुन्हा नाईलच.