पॉप्स गेला आणि रावांचं रडू थांबेना

"सख्खे वडील गेले तेव्हा डोळ्यात टिपूस आलं नाही, आणि कोण कुठला परका म्हातारा गेला तर चार महिने झाले रडतोय. मॅडम, माझं डोकं फिरलंय का?"

हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, फक्त गेलेलं माणूस बदलतं. कधी गाण्याच्या क्लासच्या बाई, कधी रोज सकाळी टेकडीवर भेटणारे आजोबा, एकदा तर एका मुलीची मेसवाली मावशी होती. लाज मात्र सगळ्यांना सेम. नात्यात नाही, गोत्यात नाही, मग मला एवढं का होतंय, आणि घरचे काय म्हणतील. म्हणून आज एक केस सांगते. ज्यांची आहे त्यांना विचारलंय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्यांना इथे राव म्हणते, कारण ते स्वतः दर दुसऱ्या वाक्यात राव म्हणायचे.

मी साऊथ कॅलिफोर्नियात समुपदेशन करते, माझ्याकडे येणारे बरेचसे आपलेच लोक. राव मूळचे पुण्याचे, पन्नाशी ओलांडलेले, सॉफ्टवेअरवाले, इकडे येऊन वीसेक वर्षं झालेली. त्यांना बायकोने पाठवलं होतं. ती म्हणाली होती, अहो, बाबा गेले तेव्हासुद्धा तुम्ही असे नव्हता हो, हे काहीतरी वेगळंच दिसतंय. बाबा गेले २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, रावांना जाता आलं नाही, मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून अंत्यसंस्कार बघितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या मीटिंगला बसले. आणि आता ज्याच्यासाठी रडत होते तो होता एक त्र्याऐंशी वर्षांचा गोरा अमेरिकन म्हातारा, ज्याला सगळे पॉप्स म्हणायचे.

पॉप्स कोण तर हॉट रॉडवाल्यांचा गोष्टी सांगणारा.

हॉट रॉड म्हणजे काय हे मलाही तेव्हा धड माहीत नव्हतं, रस्त्याने कधीतरी घर्रर्र करत जाणारी ती बुटकी जुनी गाडी एवढंच. रावांनी पहिलं अख्खं सेशन मला तेच समजावलं (मी थांबवलं नाही, माणूस ज्यावर प्रेम करतो त्याबद्दल बोलायला लागला की त्याचा श्वास बदलतो, ते बघायचं असतं). तर जुनी फोर्ड घ्यायची, मडगार्ड-बिडगार्ड काढून वजन कमी करायचं, टप कापून खाली आणायचा, इंजिनात जेवढा दम भरता येईल तेवढा भरायचा आणि पळवायची. १९३२ मध्ये फोर्डने साध्या माणसाला परवडेल अशी व्ही-एट काढली, आठ सिलिंडरवाली, आणि इथल्या पोरांना खेळणंच मिळालं. लॉस एंजेलिसच्या पलीकडे मोहावी वाळवंटात सुकलेली तळी आहेत, मुरोक, एल मिराज, मैलोनमैल सपाट आणि कडक जमीन, तिथे ही पोरं वीकेंडला जाऊन वेग मोजायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून संघटना काढली, एससीटीए, ती आजही एल मिराजला शर्यती घेते. मुरोक पुढे लष्कराकडे गेलं, आता तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे.

हे सगळं राव कुठे शिकले, तर एका डोनटच्या दुकानाबाहेरच्या पार्किंगमध्ये. शनिवारी पहाटे तिथे हे हॉट रॉडवाले जमतात, बॉनेट उघडतात, कॉफी पितात आणि एकमेकांच्या गाडीला नावं ठेवतात. राव एकदा मुलाला स्विमिंगला सोडून डोनट घ्यायला थांबले आणि पॉप्सने हाक मारली, ए, टॉर्च धर जरा. बस. पुढे चौदा वर्षं टॉर्च धरली. स्वतःची गाडी कधी घेतली नाही, बायको अपार्टमेंटच्या गॅरेजमध्ये ठेवू देणार नव्हती. फक्त टॉर्च आणि गोष्टी.

पॉप्सला फोर्डच्या त्या जुन्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे कोणत्या क्रमाने सिलिंडर पेटतात तो, आपण पाढे म्हणतो तसा पाठ होता. एक-पाच-चार-आठ-सहा-तीन-सात-दोन. बोलता बोलता शब्द आठवला नाही की तो हेच म्हणायचा आणि पुढे जायचा. रावांनी मला ते म्हणून दाखवलं आणि सात-दोन वर आवाज फुटला.

आता माझी चूक सांगते.

तिसऱ्या सेशनला मला सगळं कसं स्वच्छ दिसायला लागलं. बाबांचं दुःख अडकून राहिलंय, वडील शेवटचे भेटले नाहीत, आणि आता या दुसऱ्या म्हाताऱ्याच्या निमित्ताने ते बाहेर येतंय. पुस्तकात असतं अगदी तसं. आणि मी ते बोलून गेले, की राव, हे अश्रू कदाचित बाबांचे असतील. राव एक मिनिट गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, बाबा बाबा होते, पॉप्स पॉप्स होता. बाबांसाठी मला काय वाटतं ते माझं मी बघीन. पण तुम्ही पण जर म्हणणार असाल की पॉप्ससाठी कोणी रडतच नाही, तर मग मी येतो." आणि खरंच उठले.

मी माफी मागितली, कारण त्यांचं बरोबर होतं. सगळं जग त्यांना सांगत होतं की हे दुःख तुझं नाही, आणि मीसुद्धा तेच सांगितलं, फक्त गोड आवाजात. केनेथ डोका म्हणून अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी १९८९ मध्ये या प्रकारावर पुस्तक काढलं, ज्या दुःखाला समाज दुःख म्हणूनच मोजत नाही असं दुःख. घटस्फोट झालेल्या नवऱ्याचं, पाळीव कुत्र्याचं, मित्राचं, मास्तरांचं. याला सुतक नाही, रजा नाही, कोणी भेटायला येत नाही, "कसा आहेस" असं विचारायला फोनही येत नाही. म्हणून ते आतल्या आत फिरत बसतं. रावांनी याला त्यांची उपमा दिली ती माझ्या कुठल्याही थिअरीपेक्षा भारी होती. म्हणाले, फोर्डच्या त्या जुन्या इंजिनात, फ्लॅटहेड म्हणतात त्याला, जळालेला गरम वायू सरळ बाहेर पडत नाही, ब्लॉकच्या आतून वळसा घालून मग बाहेर येतो, म्हणून ते इंजिन सारखं तापतं. "माझा धूर आतून फिरतोय मॅडम."

पॉप्सला निरोप द्यायला सगळ्या गाड्या एका मैदानात आल्या होत्या, त्याची गाडी मध्ये, सीटवर त्याची टोपी, आणि शेवटी सगळ्यांनी एकाच वेळी इंजिनं चालू करून रेस केली. राव कुंपणापाशी उभे. गाडी नाही, त्यामुळे रेस करायला इंजिन नाही. घरच्यांना जाऊन काय सांगणार, मी टॉर्च धरायचो? तसेच परत आले. त्यानंतर दर शनिवारी पहाटे त्या पार्किंगपर्यंत जायचे, गाडीतच बसायचे, उतरायचे नाहीत, आणि घरी यायचे. झोप उडालेली, कामात चुका. मी जे विचारायला हवं ते सगळं विचारलं, जगण्याचा कंटाळा येतो का, जीव द्यावासा वाटतो का, हेही. तसं काही नव्हतं. ज्यांच्या बाबतीत असं काही असेल त्यांनी मात्र वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा. आणि वर्ष उलटून गेलं तरी रोजचा दिवस ढकलणं जमत नसेल तर तेही दाखवून घ्यायला हवं, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत २०२२ पासून लांबलेल्या शोकाचं वेगळं निदानच आहे आणि मोठ्यांसाठी तिथे एक वर्षाची मुदत धरलीय. रावांना चार महिने झाले होते. त्यांना आजार नव्हता, त्यांना बसायला जागा नव्हती.

मग मध्येच एक नवीन भानगड झाली. त्या ग्रुपमधल्या एका खडूस माणसाने हिशोब मांडला. पॉप्सची सगळ्यात गाजलेली गोष्ट १९५० च्या उन्हाळ्यातली होती, एल मिराजला त्याने पळवलेल्या रोडस्टरची, म्हणजे उघड्या दोन सीटच्या गाडीची. आणि पॉप्सचा जन्म १९४० चा! दहा वर्षांचं पोरगं शर्यतीत गाडी चालवेल का? राव माझ्याकडे आले ते चिडलेच होते, चौदा वर्षं हा माणूस मला थापा मारत होता आणि मी येडा त्याच्यासाठी रडतोय.

मला हसू आलं, आणि मी त्यांना माझ्या आजोबांचं सांगितलं. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं. आमच्या आजोबांच्या गोष्टीत वाड्याच्या जिन्याला पाणी पहिल्या वर्षी तीन पायऱ्या होतं, मी शाळेत जायला लागले तेव्हा सात, आणि माझ्या लग्नात त्यांनी व्याह्यांना सांगितलं ते पाणी माळ्याला लागलं होतं. राव पण हसले, पुण्याचेच ना, त्यांच्या घरी पण एक पानशेत होतंच. मी म्हटलं, ती गोष्ट मला सांगा तरी, जशी पॉप्स सांगायचा तशीच, पण मराठीत.

त्यांनी ती कधी मराठीत सांगितलीच नव्हती. अडखळत सुरू केली. तर पहाटेची वेळ, तळ्यावर धूळ इतकी बारीक की दातात कचकच, पॉप्स गाडी तयार करतोय, आणि तिथे एक मूर्ख पोरगं असतं, कॉफीच्या रिकाम्या डब्यात स्पार्क प्लग घेऊन उभं. ते पोरगं एक प्लग पाडतं, शर्टाला पुसतं, आणि कोणाला न सांगता डब्यात परत ठेवतं. पडल्यामुळे प्लगचं तोंड मिटलेलं, ठिणगी पडणार कुठून. गाडी निघते तीच लंगडत, आठातले सात सिलिंडर चालतायत. पॉप्स परत येऊन म्हणतो, सात घोडे जुंपले होते आणि एक गाढव. आणि त्या पोराकडे बघतो. पण रागवत नाही, नुसतं डोक्यावर टपली मारून म्हणतो, डबा नीट धर. गोष्ट संपली.

सांगताना राव मध्येच थांबले. मला वाटलं रडतायत. ते म्हणाले, "मॅडम, ते पोरगं दर वेळी असायचं राव. गाडीचा रंग बदलायचा, कधी वारा असायचा कधी नसायचा, वेगाचा आकडा तर दर वेळी वेगळा. पण पोरगं आणि डबा कधीच बदलला नाही."

दोन आठवड्यांनी त्यांनी हिंमत करून पॉप्सच्या बहिणीला फोन केला. ती त्यांना ओळखत होती! टॉर्चवाला इंडियन ना, म्हणाली, तो तुझ्याबद्दल बोलायचा. आणि तिने सांगितलं की गाडी मोठ्या भावाची होती, चालवत पण तोच होता. डबा धरलेलं पोरगं पॉप्स. भाऊ पुढच्या वर्षी कोरियाच्या युद्धावर गेला, परत आला नाही.

यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं बरंच, आणि एकदा तोंड पोळलेलं असल्यामुळे मी गप्प बसले. राव पण बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, म्हणजे सत्तर वर्षं तो स्वतःला मूर्ख म्हणत होता, सगळ्यांसमोर, आणि कोणाला पत्ता नाही.

खरा तोडगा मात्र माझ्याकडून नाही आला, रावांच्या आईकडून आला. पुण्याला ऐंशीच्या पुढच्या आई आहेत, त्यांना रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सूनबाईंनी सगळं सांगितलं. पितृपक्ष तोंडावर होता. आई म्हणाल्या, मग त्यात काय, महालयात गुरूच्या नावानेपण पाणी सोडतात आणि मित्राच्यापण, तुझ्या बाबांसाठी करशील तेव्हा त्याचंही नाव घे. राव म्हणाले, अगं त्याचं गोत्र? आई म्हणाल्या, माहीत नसलं की काश्यप म्हणायचं, एवढं पण माहीत नाही? मला हे ऐकून इतकं बरं वाटलं. आपण समजतो की आपल्या रीतींमध्ये फक्त रक्ताच्या माणसाला जागा आहे, आणि तिथे गुरू आणि मित्र कधीचे यादीत बसलेले आहेत.

तर राव सर्वपित्रीला किचनच्या सिंकपाशी ताम्हण घेऊन बसले. बाबांच्या नावाने पाणी सोडताना, म्हणाले, पहिल्यांदा घसा दाटला. मग पॉप्सचं नाव, काश्यप गोत्र. मंत्र कुठला म्हणायचा ते सुचेना, म्हणून एक-पाच-चार-आठ-सहा-तीन-सात-दोन म्हटलं. बायको बाहेरून ऐकत होती, ती हसली की रडली ते त्यांना कळलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी ते पार्किंगमध्ये गाडीतून उतरले. झोप हळूहळू परत आली, शनिवार अजूनही जड जातात पण जातात. आमची सेशन्स डिसेंबरमध्ये संपली. फोनमध्ये पॉप्सच्या आवाजाची अकरा रेकॉर्डिंग्ज आहेत, त्यातली तीन ऐकून झालीत, बाकीची घाई नाही म्हणतात.

शेवटच्या सेशनला त्यांनी सांगितलं की तिथे एक नवीन कॉलेजचा पोरगा यायला लागलाय, टॉर्च आता तो धरतो, आणि रावांनी त्याला एल मिराजची गोष्ट सांगितली. तो खडूस माणूस बाजूला होताच, त्याने लगेच १९४० चं काढलं. राव म्हणाले, मी त्याला सांगितलं, गोष्ट पॉप्सची आहे, हिशोब तुझा तू कर.

मी विचारलं, मग शेवटी सांगता का, ते डब्यावालं पोरगं कोण ते?

"छे," राव म्हणाले. "पॉप्सने कुठे सांगितलं होतं."