पेटीची किल्ली पेटीतच: स्टॅटिक नेटवर्कवरचा तो प्रश्न

पत्र: मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. बीसीए झालं, आरएचसीएसए (रेड हॅटची लिनक्स परीक्षा) पास आहे. मिहानमधल्या एका कंपनीत मुलाखतीला विचारलं, "४० सर्व्हरवर लिनक्स टाकायचंय. डीएचसीपी (मशीनला आपोआप पत्ता देणारी सेवा) लावायची परवानगी नाही, सगळे पत्ते स्टॅटिक (हाताने ठरवून दिलेले). एकेका मशीनसमोर न बसता कसं करशील?" मी किकस्टार्ट म्हणालो आणि तिथेच अडकलो. आता क्लासवाले क्लाउडचा ६० हजारांचा कोर्स घे म्हणतात. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. कोर्स घेऊ, की सरळ पुण्याला जाऊ?

उत्तर: कर्ज आत्ता नको. तू जिथे अडकलास ती जागा क्लाउडच्या कोर्सने भरणार नाही. घरच्या लॅपटॉपवर महिना-दीड महिना घातलास तर भरेल.

किकस्टार्ट हे उत्तर चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. किकस्टार्टमध्ये इन्स्टॉलरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहितात आणि ती फाइल वेब सर्व्हरवर ठेवलेली असते. ती आणायला मशीनला आधी पत्ता हवा, आणि तो पत्ता लिहिलेला आहे त्याच फाइलमध्ये. म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच. एरवी ही अडचण डीएचसीपी सोडवतो: पीएक्सईवालं (नेटवर्कवरून मशीन सुरू करणारं) कार्ड हाक मारतं, पत्ता आणि बूटलोडरचं (इन्स्टॉलर सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं) नाव मिळतं, पुढची गाडी चालू. डीएचसीपी काढला की नेहमीचं पीएक्सई गेलंच. मुलाखत घेणाऱ्याला हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

यातून सुटायचा पहिला रस्ता म्हणजे इन्स्टॉलरच्या बूट ओळीतच (मशीन सुरू होताना त्याला दिलेल्या ओळीत) पत्ता देणं. रेड हॅट, रॉकी, अल्मा या लिनक्सच्या प्रकारांत ती ओळ अशी दिसते (टाइप इंग्रजीत):

आयपी=१९२.१६८.५६.२१::१९२.१६८.५६.१:२५५.२५५.२५५.०:एसआरव्ही२१:ईएनपी०एस३:नन

पहिल्या पत्त्यानंतरचे दोन कोलन नीट बघ. मधला रकाना रिकामा सोडायचा असतो. एकच कोलन टाकला की गेटवे भलत्या रकान्यात जातो, नेटमास्क गेटवेच्या जागी बसतो आणि मशीन मुकी होते. पुढे 'इन्स्ट.केएस=' लिहून फाइलचा पत्ता. जुन्या नोट्समधलं नुसतं 'केएस=' नवव्या आवृत्तीत चालत नाही; एरर येईलच असं नाही, इन्स्टॉलर निमूटपणे भाषा विचारत बसतो.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण त्यात फाइल मिळवायला नेटवर्क लागतच नाही. छोट्या आयएसओला (डिस्कच्या प्रतिमेच्या फाइलला) किंवा पेन ड्राइव्हला 'ओईएमडीआरव्ही' लेबल दे, आत केएस.सीएफजी ठेव, इन्स्टॉलर ती आपोआप उचलतो. उबंटू सर्व्हरला लेबल 'सीआयडेटा', आत यूजर-डेटा आणि मेटा-डेटा. तिथे बूट ओळीत 'ऑटोइन्स्टॉल' शब्द राहिला तर डिस्क पुसण्याआधी तो 'यस'साठी थांबतो. हीच फाइल एचटीटीपीवरून देत असशील तर ओळीत अर्धविराम येतो, आणि ग्रबला (बूटलोडरला) तो म्हणजे आज्ञा संपली असं वाटतं; अवतरणात घाल. डेबियनचा सापळा आणखी वेगळा: नेटवर्कवरून आलेल्या प्रीसीड फाइलमध्ये (डेबियनच्या उत्तरांच्या फाइलमध्ये) स्टॅटिक पत्ता लिहून उपयोग नाही, ती हाती येईपर्यंत नेटवर्कची पायरी उलटून गेलेली असते.

आणि मुलाखतीत एक प्रश्न उलट विचारायचा: "इन्स्टॉलपुरती वेगळी व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) मिळेल का? तिथे मॅकनुसार (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकानुसार) ठरलेलाच पत्ता देणारा डीएचसीपी लावतो." पुष्कळदा बंदी चालू नेटवर्कपुरती असते. हे विचारणारा उमेदवार लक्षात राहतो.

आता घरचा सराव. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि व्हर्च्युअलबॉक्स पुरे. होस्ट-ओन्ली (लॅपटॉपपुरतंच) नेटवर्क घे आणि व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा डीएचसीपी आठवणीने बंद कर, नाहीतर पत्ता कुठून आला हेच कळणार नाही. मशीनला ४ जीबी रॅम दे. २ जीबीवर नेटवर्क इन्स्टॉल मध्येच 'जागा संपली' म्हणून मरू शकतं आणि मुलं रिकामी डिस्क तपासत बसतात. संपलेली असते रॅम, कारण इन्स्टॉलर तिथेच उलगडतो.

पहिली मशीन हाताने बसव. रूटच्या फोल्डरमध्ये अॅनाकोंडा-केएस.सीएफजी सापडेल, तोच तुझा साचा. मग नाव, मॅक, पत्ता, गेटवे अशा चार रकान्यांची सीएसव्ही कर आणि पायथन व जिंजाने (साच्यात माहिती भरणाऱ्या साधनाने) पाच फाइली काढ. नेटवर्कच्या ओळीत कार्डाच्या नावाऐवजी मॅक लिही. व्हर्च्युअलबॉक्समधलं नाव खऱ्या सर्व्हरवर नसतं. नेटवर्कच्या ओळीत चुकून डीएचसीपी राहिलं तर इन्स्टॉल छान होतं आणि रीबूटनंतर सर्व्हर गायब. केएसव्हॅलिडेटर (किकस्टार्ट फाइल तपासणारं साधन) फक्त व्याकरण बघतो, चुकीचा गेटवे त्याच्या नजरेतून सुटतो.

अडलास तर आधी वेब सर्व्हरचा लॉग उघड. मशीनची नोंदच नसेल तर दोष बूट ओळीत किंवा तारेत. ४०४ असेल तर फाइलचं नाव चुकलं. २०० (फाइल मिळाली) असूनही मशीन थांबली, तर फाइलच्या आत बघ.

दोन गोष्टी मात्र जिवावरच्या. 'क्लिअरपार्ट --ऑल' दिसतील त्या सगळ्या डिस्क पुसतो, जोडलेलं सॅन (नेटवर्कवरचं सामायिक) स्टोरेजसुद्धा. म्हणून 'इग्नोरडिस्क --ओन्ली-यूज' आधी. आणि पासवर्ड कधीही उघडा लिहू नकोस, ओपनएसएसएलने त्याचा हॅश (उलट वाचता न येणारं रूप) काढ. शिवाय पत्ता देण्याआधी तो कुणी वापरत नाही ना, हे आर्पिंग या आज्ञेने बघ.

रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन १६ मशीनपर्यंत फुकट आहे, तेव्हा खर्च शून्य. क्लासमध्ये अजून सेंटओएस ७ चालू असेल तर तिथे वेळ घालवू नकोस, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. पाच मशीन उभ्या राहिल्या की अॅन्सिबल (अनेक सर्व्हर एकदम सांभाळायचं साधन) घे. आरएचसीईची (आरएचसीएसएच्या पुढच्या प्रमाणपत्राची) ईएक्स२९४ परीक्षा त्यावरच आहे. (मे महिन्यात भर दुपारी तीन मशीन एकदम चालवू नकोस. ४५ अंशांत लॅपटॉप मान टाकतो.)

पुण्याचं म्हणशील तर घाई नाही. मिहानच्या मोठ्या नावांपलीकडेही बघ. वीज केंद्रं, खाणीची कार्यालयं, मोठी रुग्णालयं, बँका: बंद, स्टॅटिक नेटवर्क अशाच ठिकाणी भेटतात, आणि सर्व्हर बसवायचं काम बहुधा टेंडर घेतलेल्या ठेकेदार कंपन्या करतात. तिथे अर्ज कर. रिझ्युमेत 'किकस्टार्टचं ज्ञान' असं लिहू नकोस. 'डीएचसीपीविना पाच सर्व्हर, सीएसव्हीवरून' असं लिही आणि त्या फाइली गिटहबवर ठेव, पासवर्डचे हॅश त्यातून वगळून. क्लाउडच्या कोर्सचं बाबांशी त्यानंतर बोल.