पहिली उडी? आधी टँडम घे

विमानातून उडी मारायचं स्कायडायव्हिंग जमेल का, असं विचारतोयस? हो, जमेल तुला. आधी टँडम घे, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून दोघांनी मिळून मारायची उडी. उडी साधारण १०,००० ते १३,००० फुटांवरून, फ्रीफॉल (पॅराशूट उघडेपर्यंतचं मोकळं पडणं) जेमतेम मिनिटभर, वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. पॅराशूट उघडतो तो तुझ्या पाठीमागे बांधलेला इन्स्ट्रक्टरच. तुझी कामं दोनच:

- दारातून सुटताना कंबर पुढे, मान मागे, पाय मागे दुमडलेले. नवखे नेमकं उलटं करतात. खाली बघतात, पोट आवळून गोळा होतात, आणि मग दोघंही हवेत गडगडतात.
- उतरताना गुडघे वर, पाय पुढे. सांगेपर्यंत खाली टेकवायचे नाहीत. घोटे इथेच मुरगळतात.

आणि श्वास घे रे बाबा! बरेच जण नकळत रोखून धरतात. उपाशी जाऊ नकोस, तुडुंब जेवूनही नको. वारा-ढगांमुळे उडी लांबली तर हुज्जत घालू नकोस. परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढूच नकोस.

पॅराशूटची घडी, विंगसूट (पंखांसारखा पोशाख) वगैरे सध्या डोक्यातून काढ. अमेरिकेत एकट्याने उड्या मारायच्या पहिल्या पायरीच्या परवान्याला, म्हणजे ए लायसन्सलाच किमान २५ उड्या लागतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली होती, पण त्याचं कौतुक करायचं, अनुकरण नाही!