किरणं शेकतात की बाधतात?

लालबागच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आईंना परळच्या टाटा रुग्णालयात रेडिएशन चालू आहे. घरात सगळे ‘शेक देतात’ म्हणतात, शेजारच्या काकू ‘लाईट देतात’ म्हणतात आणि मुलाच्या पुस्तकात ‘किरणोत्सर्ग’ आहे. यातलं बरोबर काय?

ताई, ‘शेक’ बोलण्यात मुरलाय, तरी मला तो धोक्याचा वाटतो. शेक म्हटलं की ऊब आली, आणि इथे उबेचा काहीच संबंध नाही. किरणांची मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. अख्ख्या शरीराला एकदम 4 ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दगावतात. पण एवढ्या ऊर्जेने शरीराचं तापमान जेमतेम एक हजारांश अंशाने वाढतं! घात होतो तो दुसऱ्याच वाटेने. किरण अणूतला इलेक्ट्रॉन उडवतो, पेशीतलं पाणी फुटतं आणि त्याचे तुकडे डीएनएवर तुटून पडतात. कधी किरण स्वतःच डीएनए तोडतो. एक धागा तुटला तर पेशी तो सहज सांधते. दोन्ही धागे एकमेकांच्या जवळच तुटले तर सांधा चुकू शकतो, आणि अशी पेशी बऱ्याचदा विभागायला गेल्यावर मरते.

म्हणून ‘त्वचा भाजली’ हेही नेमकं नाही. तव्याचा चटका त्याच क्षणी कळतो. किरणांनी त्वचा लाल व्हायला, काळवंडायला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात, कारण खालच्या थरातल्या विभागणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि वर नवी कातडी वेळेवर येत नाही. लासलगावला कांद्यावर गॅमा किरण सोडतात, तिथेही हेच. कांदा गरम होत नाही, शिजत नाही. फक्त त्याचा कोंब वाढत नाही.

यासाठी मराठीत फार सुंदर क्रियापद आहे: बाधणे. थंडी बाधते, शिळं बाधतं. आत काही बिघडतं आणि मागाहून कळतं. ‘किरणं बाधली’ अगदी चपखल. मात्र ‘किरणबाधित’ नको. ‘बाधित’ म्हटलं की आपल्याला लागण आठवते, आणि लोक रुग्णापासून लांब बसू लागतात.

‘किरणोत्सर्ग’मध्येही हाच घोटाळा होतो. उत्सर्ग म्हणजे बाहेर टाकणं. किरण टाकतो तो कोबाल्टसारखा पदार्थ, रुग्ण नव्हे. अंगावर येतं त्याला विश्वकोशाचा शब्द ‘प्रारण’. तो काटेकोर आहे, पण घरात कोण म्हणणार?

मी ‘किरणं देतात’ म्हणेन, आणि लिहिताना ‘किरणोपचार’. ‘शेक’ ऐकून कुणी मायेने त्याच जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, ही माझी खरी काळजी आहे; त्या त्वचेला उष्णता सोसत नाही. आणि आईंना बाहेरून यंत्राने किरणं देत असतील, तर घरी आल्यावर नातवाला खुशाल मांडीवर घेऊ द्या.